जोडीनेच प्रवेश

१ मार्च, रविवार

आज एकसष्टावी बुडी. वर आले, मास्क काढला, नाक पुसते न पुसते तोच शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "ताई, तुम्ही यातल्या जुन्या दिसता. त्या खडकापाशी निळं, पिवळ्या शेपटीचं काय होतं हो?"

मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हणाले, "मासा."

बोटीवर दहा माणसं होती. सगळी हसली. सगळ्यात मोठ्याने वन्सं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. तोंडावर "ताई", वहीत "वन्सं". वही माझी आहे, इथे मी कुणाला भीत नाही. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आणि गेली चार वर्षं पाण्याखाली माझ्या जोडीदार. खरं तर डायव्हिंगच्या वर्गात माझं आणि नवऱ्याचं नाव घातलं होतं. पहिल्याच दिवशी मास्कमध्ये पाणी गेल्यावर नवरा जो तलावातून बाहेर आला तो ओल्या कपड्यांनी थेट घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी त्याची बहीण उभी. "जागा वाया कशाला घालवायची," म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही नणंद-भावजय समुद्राच्या तळाशी एकमेकींवर लक्ष ठेवून असतो. जमिनीवर तेच करत होतो, त्यामुळे वेगळं शिकावं लागलं नाही.

पण आजचा "मासा" जिव्हारी लागला. चार वर्षं, एकसष्ट बुड्या, आणि ज्ञान काय, तर मासा. आता सागरी जीवशास्त्र शिकायचं. ठरलं.

४ मार्च, बुधवार

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कोर्स शोधत बसले. (मी चष्म्याच्या दुकानात आहे. फ्रेम बसवते, दोन बुबुळांमधलं अंतर मोजते, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. बावीस वर्षं झाली. माणसाच्या डोळ्यांत बघून त्याचा नंबर सांगते असं मालक गिऱ्हाइकांना सांगतात, आणि मी नाही म्हणत नाही.)

विद्यापीठात फोन केला. तीन वर्षांची पदवी, पहिल्या वर्षी रसायनशास्त्र. शाळेत मला रसायनशास्त्रात छत्तीस मार्क होते आणि त्यातले सहा बाईंनी दयेने दिले होते. फोन ठेवला.

मत्स्य महाविद्यालयातल्या क्लार्कने विचारलं, "मासे वाढवायचेत की पकडायचेत?"

"बघायचेत."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज. मग, "नुसते?"

घरबसल्या शिकायचा एक कोर्स मिळाला. चाळीस व्याख्यानं, त्यातली पहिली अकरा डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांवर. तिसऱ्या व्याख्यानात मला काउंटरवर झोप लागली आणि एका बाईंनी घंटी वाजवून उठवलं. दुसरा एक कोर्स असा की नाव टाकलं की आधी प्रमाणपत्र येतं, शिकायचं मागाहून, इच्छा असल्यास. मी नवऱ्याचं नाव टाकून पाहिलं. तो आता प्रमाणित सागरी जीवशास्त्रज्ञ आहे. प्रमाणपत्र छापून फ्रिजवर लावलं. बादलीपेक्षा खोल पाण्याला घाबरणारा जगातला तो पहिलाच असावा.

७ मार्च, शनिवार

मिळाला!

बंदराजवळच्या मत्स्यालयाच्या दारावरच कागद चिकटवलेला होता, आणि त्या दारावरून मी रोज जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. "हौशी डायव्हरांसाठी सागरी जीवशास्त्र. सहा शनिवार." शिकवणार एक निवृत्त प्रोफेसरबाई. मासे ओळखायला शिकायचं, मग पाण्याखाली दोरी लावून दोन्ही बाजूंचे मासे मोजायचे. जे पास होतील त्यांना दरवर्षीच्या खडकांवरच्या मोजणीच्या चमूत घेणार. म्हणजे माझ्या "मासा"चा कुणाला तरी उपयोग होणार.

खाली ठळक अक्षरांत: जोडीनेच प्रवेश.

घरी येऊन सांगितलं तर नवरा दचकला. "जोडीने म्हणजे? माझा काय संबंध?" म्हटलं, पाण्यातली जोडी. तो इतका सुटल्यासारखा हसला की मला जरा लागलंच.

म्हणजे वन्संच्या पाया पडणं आलं.

९ मार्च, सोमवार

गेले होते वन्संकडे. शिवणाचं यंत्र कापडाखाली झाकून ठेवलंय. "हात दुखतात" म्हणून सहा महिने काम बंद आहे. दुखत असतीलही. शेवटचा शिवला तो माझा निळा स्कर्ट, आणि त्याची खालची दुमड अशी वाकडी की एका पायाने मी लंगडी दिसते. इतरांचे पंचवीस वर्षं सरळ शिवले, माझ्याच वेळी हात दुखले. असो.

कोर्सचं सांगितलं. तोंड फिरवून म्हणाल्या, "मला नाही जमायचं. या वयात चित्रं कोण पाठ करणार?"

तोंड फिरवून हे त्यांचं नवीनच आहे. हल्ली माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघतच नाहीत, माझ्या डाव्या कानाकडे बघतात. आधी वाटलं कानातलं आवडलं असेल. मग वाटलं आवडलं नसेल. गेल्या महिनाभरात मी चार जोड कानातले बदलले. मोती, खडे, रिंगा, काही म्हणजे काही प्रतिक्रिया नाही. नुसतं बघायचं. बोलायचं तर तोंडावर बोला ना!

शेवटी मी माझं ब्रह्मास्त्र काढलं, रडवेला आवाज. वन्सं विरघळल्या, पण अटी घातल्या. पाण्यात लिहायचं काम माझं. मी नेहमी त्यांच्या पुढे राहायचं, बाजूला नाही. आणि पायात पोहायच्या त्या पिवळ्या फिन्सच घालायच्या. या भडक फिन्सही गेल्या वर्षी त्यांनीच मला आग्रहाने घ्यायला लावल्या. मागून बदक दिसते मी. हौसच आहे त्यांना.

प्रवेशाचा फॉर्म पुढे केला तर म्हणाल्या, "तूच भर. तुझं अक्षर चांगलं." हे मात्र खरं आहे. तब्येतीचे वीस प्रश्न होते. दमा, नाही. हृदयविकार, नाही. फटाफट भरत गेले. "दृष्टिदोष? नाही ना?" मी विचारलं.

"चष्मेवाली तू," वन्सं म्हणाल्या. "तुला माहीत."

मी "नाही" लिहिलं. सही मात्र त्यांनी रेघ सोडून पार खालच्या रकान्यात केली. घाई! सगळ्यात घाई.

१४ मार्च, शनिवार

पहिला वर्ग. आठ जण, चार जोड्या. प्रोफेसरबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज खडा. प्रत्येकाला प्लास्टिकची पाटी आणि पेन्सिल दिली. ती पाण्याखाली लिहिते म्हणे. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा पाटी-पेन्सिल. मी पाटी पुसायला थुंकी लावणार होते, सवयीने.

मी माझी यादी अभिमानाने पुढे केली. आजवर पाहिलेले मासे, रंगांवरून लिहिलेले, एकूण एकेचाळीस प्रकार. बाईंनी वाचली आणि त्यांच्या ओठांचे कोपरे हलले.

"हा तपकिरी पट्ट्यांचा, हा करडा आणि हा हिरवा-निळा," त्या म्हणाल्या, "हे तिन्ही एकच आहेत. पोपटमासा. पोरगं, बायको आणि नवरा. तुम्ही एका कुटुंबाचे तीन प्रकार केलेत."

वर्ग हसला. यादी एकेचाळिसावरून एकोणतिसावर आली.

घरी येताना आठवलं. गेल्या वर्षी बोटीवर मी हे तीन प्रकार मोठ्या तोऱ्यात सांगत होते तेव्हा वन्संनी एक बोट वर केलं होतं. मला वाटलं, "एक मिनिट गप्प बस" म्हणतायत. त्या "एकच" म्हणत होत्या की काय? पण त्यांना कसं कळणार? त्यांनी तर कधी पुस्तकही उघडलं नाही.

२१ मार्च, शनिवार

पोहण्याच्या तलावात सराव. तळाशी प्लास्टिकचे मासे ठेवून मोजायचे. मी बावीस मोजले. एकवीस होते. बाविसावा म्हणजे कुणाची तरी वाहून गेलेली टोपी.

२८ मार्च, शनिवार

आज परीक्षा आणि आज मी फार क्षुद्र बाई आहे, हे इथे लिहून ठेवते.

आधी चित्रं. पडद्यावर वीस मासे, एकेकाचं नाव सांगायचं. मला सतरा. वन्संना दोन. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. मी तर मनात "बघू हं, शिकवीन मी तुम्हाला" असं वाक्यसुद्धा तयार केलं, प्रेमळ आवाजात.

मग बाईंनी दुसरं काढलं. हलती चित्रं, पण रंग काढून टाकलेले. अख्ख्या भिंतीवर नुसत्या काळ्या सावल्या पोहतायत. मला वीसपैकी सहा. वन्संना एकोणीस. एकोणीस! आणि वह्या-पुस्तकं न घेता, खुर्चीत मान वाकडी करून, भिंतीच्या कोपऱ्याकडे बघत.

"कसं ओळखलंत?" बाई थेट खाली उतरून त्यांच्यासमोर आल्या.

"चालीवरून," वन्सं म्हणाल्या. "माप घ्यायच्या आधी मी गिऱ्हाइकाला दारापासून आरशापर्यंत चालायला लावायचे. कुणाचा खांदा पडतो, कोण टाच घासत येतं. कपडा चालीवर बसवायचा असतो, अंगावर नाही. हा पोपटमासा वल्ही मारल्यासारखा पुढच्या पंखांनी जातो, शेपूट नुसती मागे येते. तो दुसरा अंग ताठ ठेवतो, आणि वरच्या-खालच्या झालरी तेवढ्या हलवतो. नवी साडी नेसलेल्या बाईसारखा."

बाई म्हणाल्या, "तीस वर्षं समुद्रात घालवलेली माणसं असं ओळखतात." आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. दोन बोटांनी.

म्हणजे चित्रांच्या वेळी दोन मार्क मुद्दाम घेतले असणार, मला बरं वाटावं म्हणून. मला कुणाची दया नको.

४ एप्रिल, शनिवार

अक्षर बघ कसं आलंय.

समुद्रातला पहिला सराव. बारा मीटर खोल, तळाशी दोरी ताणलेली. मी पाटी घेऊन पुढे, वन्सं मागे. त्यांची एक जुनी खोड आहे, इथे कधी लिहिली नव्हती. दर दहा मिनिटांनी त्या आपल्या हवेचा काटा माझ्या खांद्याजवळ धरतात आणि मी वाचून बोटांनी आकडा दाखवायचा. राणीसाहेब स्वतः बघणार नाहीत, दासीने वाचून दाखवायचं. गेलं वर्षभर मी दाखवते आहे.

आज मी मोजत होते. मासे एकदम दाट आले, सर्जनमाशांचा अख्खा थवा, मी बेचाळीस, त्रेचाळीस करत होते आणि नेमका तेव्हा काटा आला. मी अंगठा आणि बोटाचा गोल करून हात मागे केला. ठीक आहे, चला. मोजत राहिले. एकशे सहापर्यंत गेले. आयुष्यात इतकी चांगली मोजणी मी केली नव्हती.

मग खांद्यावर थाप पडली. वन्सं. हाताची सुरी करून गळ्यावरून फिरवली. हवा संपली.

मी दगड झाले. त्या नाही झाल्या. माझ्या अंगावरची जादा नळी त्यांनी चाचपून शोधली, तोंडात घातली, दोन श्वास घेतले, आणि मलाच शांत हो म्हणून हाताने खुणावलं. आम्ही एकमेकींचे दंड धरून सावकाश वर आलो. एवढ्या जवळून मी त्यांना कधीच धरलं नव्हतं. माझी पाटी खालीच राहिली.

बोटीवर बाईंचा आवाज चिरका झाला. "काटा कुणी बघितला?"

"मी बघायला विसरले," वन्सं म्हणाल्या.

आणि मी गप्प बसले.

आपला काटा आपण बघायचा असतो, हे खरंच आहे. नियमच आहे तो. मग मला झोप का येत नाही?

६ एप्रिल, सोमवार

कुठून सुरुवात करू?

सकाळी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. वाचायचा चष्मा हवा होता. मी समोर उभी, आणि ते माझ्या डाव्या कानाकडे बघून बोलतायत. मला तर हसूच फुटलं. म्हटलं, हेही नणंदच निघाले. सोमवारी आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर बसतात, त्यांनी तपासलं. गृहस्थ गेल्यावर मी गंमत म्हणून सांगितलं, "डॉक्टर, ते माझ्या कानाशी बोलत होते."

"त्यांना सरळ बघितलं तर तुम्ही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. मध्ये डाग, कडेचं शाबूत. कानाकडे बघितलं की कडेने चेहरा दिसतो. हललेलं तर छान दिसतं. बारीक आकडे, अक्षरं, शिवण, हे मात्र नाही."

माझ्या हातात फ्रेमचा ट्रे होता. चोवीस फ्रेम. आता एकवीस आहेत.

शिवण. आकडे. सही. पिवळ्या फिन्स. सगळं एकामागून एक अंगावर आलं. बावीस वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारी मी! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

दुपारची सुट्टी घेऊन धावत गेले. वन्सं अंगणात कपडे वाळत घालत होत्या. माझ्या पावलांवरून म्हणाल्या, "काय गं, या वेळी?"

"ताई, तुम्हाला दिसत नाही?"

चिमटा लावून झाला. मग दुसरा.

"कडेचं दिसतं."

"किती दिवस?"

"दीड वर्ष होईल. एक डोळा आधी, मग दुसरा. उपाय नाही म्हणाले, एवढंच की वाढू नये म्हणून गोळ्या."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर नेलं असतंस पाण्यात? आणि तू नाही नेलंस तर मला कोण नेणार? तुझा नवरा?" त्या हसल्या. "वर सगळीकडे वाचावं लागतं गं. पाट्या, बसचे नंबर, औषधांच्या बाटल्या. खाली कुणी काही वाचत नाही. सगळं हलतं. मला खालीच जास्त दिसतं."

मला रडू आलं, आणि ते ब्रह्मास्त्र नव्हतं. म्हटलं, "परवा तुम्ही विसरला नव्हता. काटा मी बघितलाच नव्हता. न बघताच गोल दाखवला."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"हात आला, मान वळली नाही. पाण्यात तुझी मान वळली की केस वळतात. ते नाही हलले."

"मग थांबलात कशाला? ओढायचं ना मला!"

"एवढं रंगून मोजत होतीस," वन्सं म्हणाल्या, "म्हटलं, होऊ दे मोजून. पुरेल हवा."

मी तिथेच त्या ओल्या चादरीखाली बसले. मला या बाईचा महिनाभर राग येत होता, एका कानातल्यावरून.

८ एप्रिल, बुधवार

प्रश्न सोपा आहे आणि म्हणून नकोसा आहे. फॉर्मवर मी "नाही" लिहिलंय. माझ्या चांगल्या अक्षरात. ते खोडायला हवं. खोडलं की वन्संचं पाण्यात जाणं बंद, आणि जोडी नाही म्हणून माझाही कोर्स गेला.

वन्संचं म्हणणं, "अठरा तारखेची वर्गाची मोजणी तेवढी होऊ दे. एकच बुडी. तू काटा नीट बघ. मग सांग कुणाला सांगायचं ते."

मलाही ते पटत होतं. हे इथे कबूल करते. दोन दिवस मी मनात हिशेब जुळवत होते, आता मला माहीत आहे, आता मी दर पाच मिनिटांनी बघेन. आणि मग आठवतं की एकशे सहा सर्जनमासे दिसले तेव्हा मला माहीत नसलं तरी काटा खांद्याशी होता. मला दाट थवा दिसला की मी माणूस विसरते. दुसरा थवा येणार नाही कशावरून?

"मी बाईंना सांगणार आहे," मी फोनवर म्हणाले.

"सांग. मग माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

फोन बंद.

११ एप्रिल, शनिवार

सांगितलं. वर्ग सुरू व्हायच्या आधी, रिकाम्या खोलीत, फॉर्म पुढे ठेवून. वन्संच्या डोळ्यांचं सांगितलं. काटा मी न बघता गोल दाखवला, तेही सांगितलं. पहिलं सांगायला अर्धं मिनिट लागलं, दुसऱ्याला पाणी मागावं लागलं.

बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फॉर्मवरचं ते 'नाही' खोडलं. मग म्हणाल्या, डायव्हिंगच्या डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत वन्सं पाण्यात नाहीत. "आणि जोडी नाही, म्हणून तुम्हीही नाही."

"कळलं."

"पत्र मिळू शकतं," त्या म्हणाल्या. "शिक्षक बरोबर, एकाऐवजी दोन जोडीदार, कमी खोली. अशी परवानगी देतात. पण त्यांनी स्वतः मागायला हवी. लपवून नाही."

वन्संना तीनदा फोन केला. उचलला नाही. नवरा जाऊन आला. "काय म्हणाल्या?" विचारलं. तो म्हणाला, "तुझं नाव काढलं की भांडी घासायला घेते. घरातली सगळी भांडी चकाचक आहेत."

१५ एप्रिल, बुधवार

भांडी अजून चकाचक.

१८ एप्रिल, शनिवार

आज मोजणी. मला बोटीवर मदतीला बोलावलं होतं. दोर धरायचा, सिलिंडर मोजायचे. मोजण्यात मी हुशार, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे.

धक्क्यावर गेले तर बोटीच्या फळीवर वन्सं बसलेल्या. बाईंनी बोलावलं म्हणे. माझ्याकडे बघितलं नाही. कानाकडेसुद्धा नाही. समोर बघत होत्या, म्हणजे त्यांना मी दिसू नये याची पक्की व्यवस्था. मी दुसऱ्या टोकाला बसले.

सहा जण खाली गेले, पाऊण तासाने वर आले आणि लगेच भांडण. दोरीच्या शेवटी एक मासा सगळ्यांनी पाहिला होता. एक म्हणे करडा, एक म्हणे काळा, एक म्हणे ठिपके होते, एक म्हणे ठिपके त्याच्या मास्कवर होते. पाट्या एकमेकांच्या नाकापुढे नाचवल्या जात होत्या. बाई कपाळाला हात लावून.

"रंग सोडा," वन्संचा आवाज आला. "चालत कसा होता?"

कुणाला सांगता येईना. एक जण म्हणाला, "असा... म्हणजे... झालर..." आणि लाजून थांबला. लाजतातच लोक. मला कशाची लाज उरली होती? मी उठले. "पंख हलत होते की शेपूट?" त्याला विचारलं. शेपूट नाही म्हणाला. "अंग वाकत होतं?" नाही, फळीसारखं ताठ. "मग हलत काय होतं?" वर आणि खाली, एकदम.

मी बोटीच्या मधोमध, एकोणपन्नास वर्षांची बाई, अंग ताठ केलं, एक हात डोक्यावर आणि एक मागे कमरेखाली धरून दोन्ही लाटांसारखे हलवत, बारीक बारीक पावलांनी वन्संच्या समोरून गेले. बोटवाल्याने तोंडात टॉवेल कोंबला. मी वळून परत आले. दुसऱ्या फेरीला एक ओला मनुष्य म्हणाला, "मध्येच तिरका व्हायचा हो," म्हणून मी तिरकी झाले आणि पाण्याच्या पिंपावर आपटले.

वन्संनी मान जरा वळवली. माझ्या डाव्या कानाकडे.

"नवी साडीवाला," त्या म्हणाल्या. "ट्रिगरमासा. पण आमच्या हिला मागचा हात जमत नाही."

मग सगळेच उठले. अर्ध्या तासात बोटीवर सहा ओली माणसं मासे होऊन फिरत होती आणि वन्सं बसल्या जागी नावं सांगत होत्या. बाई लिहीत होत्या. पाट्यांवरच्या सात चुका निघाल्या.

परतताना बाईंनी वन्संच्या मांडीवर एक कागद ठेवला. डायव्हिंगच्या डॉक्टरांसाठी अर्ज. वन्संनी तो बोटांनी चाचपला, आणि माझ्या दिशेने ढकलला.

"तूच भर. तुझं अक्षर चांगलं."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. या वेळी एकेक प्रश्न मोठ्याने वाचला आणि प्रत्येक वेळी थांबले. दमा. नाही. हृदयविकार. नाही. दृष्टिदोष.

बोटीचं इंजिन फटफटत होतं. वन्संनी कागदाची कड बोटाने सरळ केली.

"आहे," त्या म्हणाल्या.

लिहिलं. सहीच्या रेघेवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं. शेवटचा एक प्रश्न राहिला होता, नेहमीच्या जोडीदाराबद्दल डॉक्टरांना काही सांगायचं आहे का?

"सांगायचंय," वन्सं म्हणाल्या. "लिही. डोळे शाबूत आहेत. दिसतं उशिरा."

मी लिहिलं. एक शब्दही बदलला नाही.